अर्ध्या तासाचा राखणदार

लॉर्ड हाउ बेट,
ऑक्टोबरची एकोणीस, सकाळ

तीर्थस्वरूप मर्टलताईस,

धाकट्या लायलचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, पण नमस्कारात कसर ठेवलेली नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेलं चालणं चालतेस, की खिडकीत बसून चालणाऱ्यांना नावं ठेवतेस? मांजराचं पोट सुधारलं का? मी ठणठणीत आहे. वरचा एक दात गेला, तो तसाही फक्त शोभेला होता. तुझं पत्र मिळालं. मालाची बोट या खेपेला वाऱ्यामुळे तीन दिवस उशिरा आली, त्यामुळे बटाटे आणि तुझं पत्र एकदमच हातात पडले. बटाटे जास्त होते. नॉर्मनभावोजी गेल्यापासून तू पत्रं फार आखूड लिहायला लागली आहेस, आणि ते मला मुळीच आवडत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला दोन ओळींत 'बरी आहे' एवढंच सांगता यावं? मी मात्र आज लांब लिहिणार आहे. चहा घेऊन बस.

ताई, तुझ्या भावाचं नाव सॉल्टबुशमध्ये आलं. तू म्हणशील, हे कुठलं झुडूप. झुडूप नव्हे, ऑपरेटिंग सिस्टीम. कॉम्प्युटर चालू केला की जी सगळ्यांच्या आधी उठते आणि मग बाकीच्यांना उठवून कामाला लावते (आपली आई आठव) ती ही. सॉल्टबुश कुणा कंपनीची नाही. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून थोडी थोडी लिहितात आणि फुकट वाटतात. कुणीही आत डोकावून बघावं, चूक दिसली तर सांगावी, आणि सांगितलीच तर (इथंच सगळी गोम आहे) ती ज्याने सांगितली त्यानेच दुरुस्त करून द्यावी. हवामान केंद्राने मोडीत काढलेला तो जुना लॅपटॉप मी घरी आणला होता ना, त्याच्यावर दुसरं काही चालेना, म्हणून मी हिला घरात घेतली. मग क्लबच्या कॉम्प्युटरवर घातली. मग शेजारच्या ग्लेनिसच्या, आणि मग जो मागेल त्याच्या. ग्लेनिस तुला आठवत असेल, बोलिंग क्लबची सेक्रेटरी, जिच्या परवानगीशिवाय या बेटावर गवतही वाढत नाही.

सॉल्टबुशवाल्यांची एक मेलची यादी आहे. एकाने लिहिलं की सहा हजार लोकांना जातं. लोक सकाळी वर्तमानपत्रात कोण गेलं ते आधी बघतात, तशी मी ती यादी बघतो. कळत फारसं नाही, पण भांडणं चांगली असतात. तर जुलैमध्ये त्या यादीवर मारेट नावाच्या बाईंचं मेल आलं. या एस्टोनियातल्या टार्टू गावच्या. सॉल्टबुशमधलं घड्याळ आणि कॅलेंडर या बाईंच्या ताब्यात असतं, म्हणजे त्या खात्याच्या राखणदार. (प्रत्येक खात्याला एक राखणदार असतो, आणि ज्याला राखणदार नाही ते खातं काढून टाकतात. अशीच रीत आहे त्यांची, आणि वाईट नाही.) मारेटबाईंनी लिहिलं होतं की आवराआवर चालली आहे. घड्याळाच्या कोडमध्ये उन्हाळ्यात वेळ अर्धा तास पुढे न्यायची एक तजवीज दिसते, जगात असं कुणी करत असेल असं वाटत नाही, बहुधा कुणाच्या तरी हातून चुकून राहिली आहे, कोणाची हरकत नसेल तर सप्टेंबरच्या आवृत्तीत काढून टाकते.

ताई, माझ्या हातातला टोस्ट खाली पडला. चुकून राहिली म्हणे. अगं, तो आपला अर्धा तास. संध्याकाळचा उजेड पुरवायला बाकीचे देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे घेतात, जगाच्या पाठीवर फक्त आपण अर्धा तास घेतो. बाबा सांगायचे (खरं-खोटं बाबा जाणोत) की हॉलमधल्या त्या सभेत निम्मी माणसं म्हणाली घड्याळ तासभर पुढे घ्या, निम्मी म्हणाली हात लावू नका, आणि बाबा उठून म्हणाले, मग अर्धा घ्या आणि जेवायला चला. तेव्हापासून उन्हाळ्यात आपण सिडनीच्या बरोबर आणि हिवाळ्यात सिडनीच्या अर्धा तास पुढे. पुढे, ताई. एवढीशी जागा, पावणेचारशे माणसं, आणि सहा महिने सिडनीच्या पुढे. दुसरं आहे काय आपल्याकडे पुढे जायला? आणि ते एक बाई टार्टूत बसून झाडून टाकणार.

मी हरकत नोंदवली. चार पानं. बाबा, हॉल, सभा, जेवायला काय होतं, सगळं घातलं, आणि महत्त्वाचं ते मोठ्या अक्षरांत. सहा हजार लोकांना गेलं. (मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं समजतात हे मला मागाहून कळलं. तरी हरकत नाही, मी ओरडतच होतो.) तासाभरात मारेटबाईंचं उत्तर आलं. एवढंच होतं: "वाचलं. ते चालतं का?"

चालतं का म्हणजे? मी लॅपटॉप घेतला, तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारची, म्हणजे आपण घड्याळ पुढे घेतो त्या दिवसाची, करून बघितली, आणि घड्याळाने टुणकन उडी मारली. पूर्ण तासाची. परत केलं. परत तासाची. तेव्हा मला आठवलं की दर ऑक्टोबरात पहिल्या रविवारी सकाळी मी काय करतो. चहा ठेवतो, भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे करतो, आणि मग लॅपटॉपचं घड्याळ अर्धा तास मागे खेचतो. अकरा वर्षं. एकदाही मनात आलं नाही की हे कुणाला सांगावं. दारं जशी पावसाळ्यात फुगतात तसा कॉम्प्युटर ऑक्टोबरात चुकतो, अशी माझी समजूत.

बरं, मी एकटाच खुळा असतो तरी चाललं असतं. शुक्रवारी क्लबात विचारलं, ऑक्टोबरात तुम्ही कॉम्प्युटरचं काय करता? ग्लेनिस म्हणाली हाताने अर्धा तास मागे घेते, तिला वाटायचं तिचंच यंत्र टाकाऊ आहे. दवाखान्यातली नर्स म्हणाली तिच्या घरचंही तसंच, पण तक्रार केली तर जुनं काढून नवं देतील आणि नव्याची सवय कोण करणार. क्लबच्या कॉम्प्युटरवर तर चिकटपट्टीने कागदच लावलेला निघाला, 'ऑक्टो. - मागे घेणे'. तो कोणी लावला कोणाला आठवेना. अक्षर माझं होतं. एकूण एक माणूस वर्षानुवर्षं हाताने दुरुस्त करतो आणि मूग गिळून बसतो. आपली माणसं अशीच, ताई. छप्पर गळलं की बादली ठेवतील, आणि पुढल्या वर्षी बादली कुठे ठेवायची तेवढं लक्षात ठेवतील.

मी हे सगळं खरंखुरं मारेटबाईंना कळवलं. त्यांनी उत्तर दिलं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. जे अकरा वर्षं मोडलेलं आहे आणि अकरा वर्षांत एकानेही सांगितलं नाही, ते कोणी वापरत नाही असं आम्ही धरतो. तुम्हाला ते हवं असेल तर दुरुस्त करून पाठवा. सप्टेंबरच्या वीस तारखेपर्यंत. नाही आलं तर निघेल.

ग्लेनिसला हे सांगितलं तेव्हा ती कुंपणावर कोपर टेकून म्हणाली, गेला तर गेला, अर्ध्या तासावाचून कोण मरतंय? मी म्हटलं प्रश्न मरण्याचा नाही. आज घड्याळातून काढतील, उद्या नकाशात ठिपका छोटा म्हणून तोही काढतील. ती म्हणाली, "लायल, तू एकतीस वर्षं हवेत फुगे सोडलेस. फुगा सोडायला दोरी सुटली की झालं. हे काम तुझ्याच्याने व्हायचं नाही." ताई, तुझ्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तूही सगळ्यांसमोर जवळजवळ हेच म्हणाली होतीस. हवामानाचा फुगा सोडणं म्हणजे जत्रेतला फुगा नव्हे, तो जगातल्या सगळ्या केंद्रांबरोबर एकाच मिनिटाला सोडावा लागतो, असं मी त्या दिवशी सांगणार होतो, पण तुम्ही केक कापलात. असो. मिनिट म्हणजे काय हे या बेटावर माझ्याइतकं कोणाला कळत नाही, एवढं लिहून ठेवतो.

मग मी शिकलो. बहात्तराव्या वर्षी. पुस्तक मागवलं, ते बोटीने आलं, कोपऱ्यातून भिजलेलं. पहिले आठ दिवस नुसतं डोकं दुखलं. पण कोड वाचणं आणि दुसऱ्याच्या शेतात वाट शोधणं एकच असतं, सगळी फाटकं उघडी ठेवून पुढे गेलास की मेलास. तीन आठवड्यांनी मला चोर सापडला. एका ठिकाणी कोणा पुण्यवंताने 'अर्धा' असं बरोबर लिहून ठेवलं होतं, आणि चार पानं पुढे दुसऱ्या कोणीतरी तोच अर्धा उचलून, अर्धवट काय ठेवायचं म्हणून, पूर्ण करून टाकला होता. दोघांची कधी गाठ पडली नसणार. मी एवढ्या जोरात 'सापडला' म्हटलं की ग्लेनिस खोरं घेऊन धावत आली. तिला वाटलं उंदीर.

दुरुस्तीला ते लोक पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळ. मी एक्केचाळीस ओळींचं ठिगळ शिवलं आणि पाठवलं. आता ठिगळ कसं पाठवायचं याचं त्यांचं सोवळं आहे, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपला पडद्याचा फोटो काढून पाठवला, फोटोत माझा अंगठाही आला होता. यादीवर ओचियेंग म्हणून केनियातल्या किसुमूचे एक गृहस्थ आहेत, ते लोकांची ठिगळं तपासतात. फार सज्जन माणूस. त्यांनी लिहिलं, काका, अंगठा चांगला आहे, पण कोड मेलमध्येच साध्या अक्षरांत टाइप करून पाठवा. तसं पाठवलं. तर माझ्या लॅपटॉपने शहाणपणा करून सगळ्या फाइलमधल्या रिकाम्या जागा नीट लावून दिल्या होत्या, त्यामुळे एक्केचाळीस ओळींऐवजी चार हजार ओळी बदललेल्या दिसल्या. मारेटबाईंनी विचारलं, तुम्ही घर पाडून परत बांधलंय का? तिसऱ्या खेपेला जागा नीट केल्या. ठिगळासोबत काय बदललं आणि का, अशी चिठ्ठी जोडायची असते. मी बाबांची पूर्ण हकीकत जोडली, या वेळी लहान अक्षरांत. मारेटबाईंचं उत्तर, "वडिलांची गरज नाही."

ताई, त्या एका वाक्याने मी दोन दिवस जेवलो नाही. (जेवलो, पण चव नव्हती.) शेवटी बाबांना कापत कापत एका ओळीवर आणलं. 'या बेटावर उन्हाळ्यात घड्याळ अर्धाच तास पुढे जातं. ही चूक नाही, लोकांनी तसं ठरवलं आहे.' बाबांचं नाव त्यात नाही, पण मला ठाऊक आहे की ते तिथे उभे आहेत, हात वर करून, भुकेले. ओचियेंगनी लिहिलं की ही ओळ राहू द्या, पुढे कोणी झाडू घेऊन आलं तर त्याला दिसेल.

पाचव्या खेपेला म्हणे आता तालीम करू. तालमीत जगातल्या सगळ्या ठिकाणांची घड्याळं फिरवून बघतात. आपलं बेट बरोबर आलं, मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात कळलं की न्यूझीलंड अर्धा तास मागे पडलं आहे. पन्नासेक लाख माणसांचं आख्खं राष्ट्र, मेंढ्यांसकट, मी एका ओळीने अर्धा तास उशिरा उठवलं. तालमीतच, खरोखर नव्हे. वेलिंग्टनच्या एका गृहस्थांनी यादीवर लिहिलं की ठिगळाला त्यांचा विरोध नाही, पण एवढं तरी आधी विचारायला हवं होतं. सहाव्या खेपेला न्यूझीलंड परत जागेवर ठेवलं. सातव्या, आठव्या आणि नवव्या खेपेबद्दल मी काही लिहिणार नाही. स्वभाव तापट असणं हा गुन्हा नव्हे, पण मेल पाठवण्याआधी उठून बागेत एक चक्कर मारावी हे मी या वयात शिकलो, आणि ज्यांची माफी मागायची त्यांची मागितली. मारेटबाईंनी माफीला उत्तरच दिलं नाही, नुसतं दहाव्या खेपेत काय सुधारायचं ते कळवलं. म्हणजे माफ केलं असं मी धरलं.

असं करता करता वीस तारीख आली. आणि सकाळपासून इंटरनेट बंद. ढग इतके खाली आले होते की माउंट गाउअरचा डोंगर कमरेपासून वर दिसत नव्हता, मग इंटरनेटचा उपग्रह कुठला दिसायला. दिवसभर मी लॅपटॉप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. अकरावं ठिगळ तयार होतं, त्यात खोट नव्हती, आणि ते जाईना. संध्याकाळी ग्लेनिस कुंपणापाशी येऊन म्हणाली, संपला ना दिवस, आता जेव. तेव्हा मला सुचलं, ताई, आणि हे फक्त फुगे सोडणाऱ्यालाच सुचू शकतं. सॉल्टबुशची वीस तारीख आपल्या वीस तारखेला संपत नाही. ती ग्रिनिचच्या हिशोबाने चालते. आणि आपण ग्रिनिचच्या साडेदहा तास पुढे. म्हणजे त्यांची वीस तारीख आपल्या एकवीस तारखेला सकाळी साडेदहाला संपणार. दुसरं कोणी असतं तर दहालाच हातपाय गाळून बसलं असतं किंवा अकरापर्यंत निवांत राहिलं असतं. त्या वरच्या अर्ध्या तासासाठीच तर सगळं चाललं होतं. तोच माझ्या मदतीला आला.

एकवीसला सकाळी नऊपर्यंत माझ्याकडे काही नाही. साडेनऊला ग्लेनिस आपणहून सांगायला आली की तिच्या छपरावरची तबकडी जरा धुगधुगी दाखवते आहे. मी लॅपटॉप कोटाखाली धरून पावसात तिच्या घरी पळालो. तिने स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करून दिलं, स्वतः शिडी लावून छपराखाली चढली आणि तबकडीवरचं पाणी झाडूने पुसत राहिली. (वय अडुसष्ट. मी शिडी धरू का विचारलं तर म्हणाली तू तुझं काम कर.) पहिल्यांदा गेलं नाही. दुसऱ्यांदा अर्धं जाऊन परतलं. दहा वाजून अकरा मिनिटांनी गेलं. मी खिडकीतून ओरडून सांगितलं. ती शिडीवरून उतरली, भिजून चिंब, आणि केटली ठेवली. पुढचा एक तास आम्ही दोघांनी बिस्किटं खाल्ली.

दुपारी मारेटबाईंचं उत्तर आलं. "घेतलं. आभार." दोनच शब्द. पण ताई, मी तीन महिने ती यादी वाचतोय, बाई आभार मानत नाहीत. मी त्याचा कागद छापून क्लबच्या फळ्यावर लावला, स्पर्धेच्या निकालाच्या वर. लोक येऊन वाचतात. कोणी काही म्हणत नाही, कारण आपल्याकडे कोणाचं कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही, पण त्या आठवड्यात माझ्या दाराशी न सांगता दोन किंगफिश मासे आणि एक भोपळा कोणीतरी ठेवून गेलं. आणि सप्टेंबरअखेर जी आवृत्ती निघाली तिच्यासोबत राखणदारांच्या नावांची जी यादी जाते तिच्यात छापलं आहे, 'अर्धा तास: राखणदार, लायल पेंगेली, लॉर्ड हाउ बेट'. माझ्या वरच्या ओळीत कोणी पंधरा कंपन्यांचे प्रिंटर सांभाळतो, खालच्या ओळीत कोणी आवाज सांभाळतो. मधे मी, अर्ध्या तासाचं वेगळं खातं सांभाळणारा. ऊर भरून येतो म्हणतात ते खरं आहे, मला दोन बटणं उघडावी लागली.

आता ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचं ऐक, लपवण्यात अर्थ नाही, दुसऱ्या कोणाकडून कळेलच. नवी आवृत्ती मी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आधीच घातली होती. सकाळी उठलो. लॅपटॉप उघडला. घड्याळ अगदी बरोबर. माणसाच्या हाताशिवाय, आपणहून, नेमका अर्धा तास पुढे. मी ते बघत उभा राहिलो, डोळे पुसले, चहा ठेवला, भिंतीवरचं घड्याळ पुढे घेतलं, आणि लॅपटॉपचं अर्धा तास मागे खेचलं. अकरा वर्षांचा हात. मला कळलंही नाही. तिकडे ग्लेनिसनेही तेच केलं, आणि क्लबच्या कॉम्प्युटरवर तर कागदच होता. दहाला क्लबात सामना होता. लोक भिंतीवरच्या घड्याळांनुसार वेळेवर आले, आणि ग्लेनिस फाटकाला कुलूप घालून आत बसली, म्हणे सेक्रेटरीच्या घड्याळात साडेनऊच वाजलेत आणि हे घड्याळ लायलने स्वतः दुरुस्त केलंय. लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या घड्याळाकडे बघितलं, म्हणजे मनातल्या मनात. मग मी काय केलं ते सगळ्यांना कळलं, आणि अर्धा तास कुंपणाबाहेर उभी असलेली चाळीस माणसं पोट धरधरून हसली. हसू देत. माझं ठिगळ बरोबर होतं. चूक यंत्राची नव्हती हे या बेटाच्या इतिहासात पहिल्यांदाच झालं, आणि ते माझ्यामुळे झालं. तो कागद मी स्वतः काढून टाकला.

तर एवढी हकीकत. मांजराला माझ्या वतीने थोपट. गुडघ्याला तेल लाव. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या त्या बाईला, जी मला 'तो फुग्यांचा भाऊ' म्हणते, हे पत्र वाचायला दिलंस तरी माझी हरकत नाही. उलट दे.

तुझा कर्तबगार धाकटा भाऊ,
लायल

ता. क. तू गणिताची, खोटं तुझ्यापाशी टिकत नाही, म्हणून सांगून टाकतो. माझ्या एक्केचाळीस ओळींपैकी शेवटी तीन राहिल्या. त्यांतल्या दोन ओचियेंगनी सुचवल्या होत्या. तिसरी ती बाबांची ओळ, आणि ती ओळ यंत्र वाचत नाही, फक्त माणसांसाठी असते. पण ठिगळावर नाव माझं आहे, आणि ओचियेंगना मी तसं विचारलं तर ते म्हणाले काका, राहू द्या.

दुसरा ता. क. मारेटबाईंचं दहा दिवसांपूर्वी मेल आलं. वाईट हेतू नव्हता, त्या सगळ्यांनाच विचारतात. लिहिलं होतं की एका खात्याला एकच राखणदार पुरत नाही, तुम्ही उद्या उत्तर द्यायचे थांबलात तर आम्ही कोणाला विचारायचं? दुसरं नाव द्या, नाहीतर पुढच्या आवृत्तीत अर्धा तास 'बेवारस' धरून काढला जाईल. ग्लेनिसला विचारलं, ती म्हणाली शिडीवर एकदा चढले तेवढं पुरे. बाकीच्यांना विचारलं, सगळ्यांना मासे पकडायचे आहेत. मी तुझं नाव कळवलं आहे. डोकं तुझंच आहे, माझ्यापेक्षा लवकर शिकशील, आणि हरकत घेण्यात तर तुझा हात या बेटावर कोणी धरला नसता. फक्त एक अडचण आहे. अर्ध्या तासाच्या खात्याचा नियम आहे की दोन्ही राखणदार त्याच अर्ध्या तासात राहणारे पाहिजेत, ऑक्टोबरात घड्याळ पुढे जातं तेव्हाही आणि एप्रिलमध्ये मागे येतं तेव्हाही. तुझ्या तिकडच्या पोर्ट मॅक्वारीत बसून भागणार नाही. पूर्वेकडची खोली मी रंगवली आहे, पिवळी. पायऱ्या कुठेच नाहीत. मांजर आणता येत नाही, आपल्याकडे बंदी आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण तुझ्या वरची ती बाई मांजराला तुझ्यापेक्षा जास्त खायला घालते हे तूच लिहिलं होतंस.

तिसरा ता. क. तो नियम सॉल्टबुशचा नाही. ज्याचं खातं त्याने त्याचे नियम लिहायचे असतात, तो मी लिहिला, गेल्या मंगळवारी. मारेटबाईंनी घेतला, पण त्याआधी त्यांनी विचारलं होतं, "हा नियम खरंच गरजेचा आहे का?" मी बागेत एक चक्कर मारून आलो आणि कळवलं, हो.